डोळ्यांच्या मालकीचे शब्द

हेलन केलरच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो. कुणाला तो शाळेत कळलेला असतो, कुणाला 'ब्लॅक' (२००५) पाहताना. अमेरिकेतील अ‍ॅलाबामा राज्यातले टस्कम्बिया हे गाव, ५ एप्रिल १८८७ हा दिवस. सात वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलीचा हात पंपाखाली धरलेला आहे. त्या हातावरून गार पाण्याची धार वाहते आहे आणि दुसऱ्या तळहातावर तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन बोटांच्या खुणांनी 'पाणी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे एकेक अक्षर उमटवते आहे. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या त्या मुलीला त्या क्षणी उमगते की प्रत्येक वस्तूला नाव असते.

याच मुलीच्या आयुष्यातील दुसरा एक प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. १८९२ साली, ती अकरा वर्षांची असताना, बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत तिला आठ जणांच्या चौकशी मंडळासमोर बसवण्यात आले. सलिव्हनला खोलीबाहेर जाण्यास सांगितले गेले. आठांपैकी चौघे डोळस होते, चौघे अंध. तिने लिहिलेली एक गोष्ट खरोखर तिची होती की कुणाची उचललेली, आणि उचललेली असेल तर ते तिला ठाऊक होते का, याचा निवाडा त्यांना करायचा होता.

भाषेचे आकलन आणि शरीराचा अनुभव यांच्या नात्याविषयी बोलताना पहिल्या प्रसंगाचा दाखला नेहमी दिला जातो. आम्हाला वाटते की दुसरा प्रसंगही त्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. शब्द शरीरातून कळतो हे पंपापाशी दिसले. पण मग ज्या शब्दांचा अनुभव घेण्याचे इंद्रियच नाही, ते शब्द वापरण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न त्या खोलीत उभा राहिला. तो केलरपेक्षा दोनशे वर्षांनी जुना आहे.

१

जॉन लॉकच्या मानवी आकलनाविषयीच्या निबंधात (१६९०) एका अभ्यासू अंध माणसाचा किस्सा येतो. किरमिजी रंग म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी त्याने पुष्कळ डोके खाजवले आणि एके दिवशी आपल्याला ते कळल्याचे अभिमानाने जाहीर केले. तो रंग, त्याच्या मते, तुतारीच्या आवाजासारखा होता. लॉकच्या दृष्टीने हा किस्सा म्हणजे पुरावाच. साध्या कल्पना इंद्रियांच्या दारातूनच मनात येतात; ते दार बंद असेल तर कितीही शब्द ओतले तरी उपयोग नाही.

विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने लॉकपुढे याच जातीचे एक कोडे ठेवले होते. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, केवळ पाहून, यातला गोल कोणता आणि घन कोणता हे तो सांगू शकेल का? हे कोडे घालणाऱ्या मॉलिन्यूची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती. लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हे कोडे समाविष्ट केले आणि त्याचे उत्तर 'नाही' असे दिले. १७२८ मध्ये विल्यम चेझल्डन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचा मोतीबिंदू काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दृष्टी आल्यावर त्या मुलाला सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. कुत्रा कोणता आणि मांजर कोणते हे तो पुनःपुन्हा विसरे. शेवटी त्याने मांजराला उचलून हातांनी नीट चाचपले, मग त्याच्याकडे निरखून पाहिले आणि यापुढे तुला ओळखीन, अशा अर्थाचे काहीतरी त्याला सांगितले. लॉकचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले.

पण त्याच काळात केंब्रिजला निकोलस सॉन्डर्सन हे गणिताचे प्राध्यापक होते. वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती. १७११ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते त्या अध्यासनावर होते. पूर्वी न्यूटन ज्यावर होते तेच हे अध्यासन. आणि ते शिकवत काय? इतर विषयांबरोबर प्रकाश आणि रंग यांचे शास्त्रसुद्धा. किरमिजी रंगाला तुतारीसारखा म्हणणारा तो अनाम अंध आणि डोळस विद्यार्थ्यांना रंगांचे शास्त्र समजावून सांगणारे सॉन्डर्सन, या दोघांना एका सिद्धांतात बसवणे सोपे नव्हते.

एडमंड बर्कने १७५७ मध्ये या अडचणीतून भलताच निष्कर्ष काढला. त्याच्यासमोर सॉन्डर्सनबरोबर थॉमस ब्लॅकलॉक या स्कॉटिश कवीचे उदाहरण होते. बालपणीच दृष्टी गेलेला हा कवी दृश्यांची वर्णने मोठ्या जोमाने करी. बर्क म्हणतो ते थोडक्यात असे की डोळस माणूसही शब्द ऐकताना प्रत्येक वेळी मनात चित्र काढत बसत नाही. शब्द चित्रांशिवायच आपले काम करतात, आणि अंध कवी त्याच वाटेने जातो जिच्याने आपण सगळे जातो.

दनी दिदेरोने त्याआधीच, १७४९ मध्ये, अंधांविषयीचे आपले प्रसिद्ध 'पत्र' लिहिले होते. प्युझो गावच्या एका जन्मांध गृहस्थाला भेटून त्याने त्याला आरसा म्हणजे काय असे विचारले. वस्तूंना त्यांच्यापासून दूर, स्पर्शाला कळेल असा उठाव देणारे यंत्र, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. तुम्हाला डोळे हवेत का, असे विचारल्यावर त्या गृहस्थाने लांब हात मिळाले तर अधिक बरे असे सांगितले. चंद्रावर काय चालले आहे हे त्या हातांनी अधिक नीट कळेल. आमच्या वाचनात या विषयावरचा हा पहिला असा मजकूर आहे ज्यात अंध माणसाला काय कळत नाही हे मोजण्याऐवजी त्याला काय आणि कसे कळते हे विचारले गेले. त्या पत्रातल्या नास्तिक विचारांमुळे दिदेरोला व्हँसेनच्या किल्ल्यात सुमारे तीन महिने कैद भोगावी लागली, हा त्याचा वेगळा इतिहास.

२

तत्त्वचिंतकांचे हे कोडे शिक्षकांच्या हाती आले ते १८३७ मध्ये. त्या वर्षी लॉरा ब्रिजमन ही जेमतेम आठ वर्षांची मुलगी पर्किन्स संस्थेत आली. लहानपणीच्या तापाने तिची दृष्टी आणि श्रवण नेले होते. वास आणि चवही जवळजवळ नाहीशी झाली होती. उरला होता तो स्पर्श. संस्थेचे प्रमुख सॅम्युअल ग्रिडली हाव यांनी किल्ली, चमचा, सुरी अशा नेहमीच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला भाषा शिकवली. चार्ल्स डिकन्सने १८४२ च्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले. चाळीसेक वर्षांनी हेलनच्या आईने ते वाचले आणि त्यातूनच पुढे सलिव्हन टस्कम्बियाला पोहोचली. जाताना तिने हेलनसाठी एक बाहुली नेली. तिचे कपडे लॉरा ब्रिजमनने शिवलेले होते. सलिव्हनने हेलनच्या हातावर उमटवलेला पहिला शब्दही 'बाहुली' हाच होता.

पंपाजवळच्या प्रसंगानंतर पाचच दिवसांनी, १० एप्रिलच्या पत्रात, सलिव्हनने आपला एक निर्णय कळवला आहे. तो पंपाइतकाच महत्त्वाचा आहे असे आम्हाला वाटते. हेलनच्या पंधरा महिन्यांच्या चुलत भावंडाकडे पाहताना तिच्या लक्षात आले की बाळाला कुणी एकेक शब्द घोटून शिकवत नाही. आपण त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत राहतो आणि ते कळत जाते. तेव्हा हेलनच्या तळहातावरही पूर्ण वाक्येच बोलायची, असे तिने ठरवले. म्हणजे वस्तूला हात लावायचा आणि नाव शिकायचे ही पद्धत तिने जवळपास तेथेच सोडली. त्यानंतरचे बहुतेक शब्द हेलनला इतर शब्दांच्या सोबतीने मिळाले, आपल्याला मिळतात तसेच.

शरीर मात्र त्या शिक्षणातून हद्दपार झाले नाही. केलरने आत्मचरित्रात सांगितलेली एक आठवण पाहा. ती मणी ओवत होती. ठरावीक क्रम पुनःपुन्हा चुकत होता. ती थांबून नीट लक्ष देऊ लागली तेव्हा सलिव्हनने तिच्या कपाळाला हात लावून 'विचार कर' या अर्थाचा शब्द उमटवला. आपल्या डोक्यात या क्षणी जे चालले आहे त्याचेच हे नाव, हे तिला लख्ख कळले. ज्याला स्पर्श करता येत नाही अशा गोष्टीचे नावही तिला असे शरीरातूनच सापडले.

३

१८९१ च्या नोव्हेंबरात हेलनने एक गोष्ट लिहिली आणि पर्किन्सचे तेव्हाचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. हिमराजाची रत्ने उन्हाने वितळतात आणि झाडांच्या पानांवर सांडून पाने रंगीत होतात, अशी ती कथा. अनाग्नोसनी ती कौतुकाने छापली. कौतुकाचे कारण उघड होते: अंध मुलगी शरद ऋतूतील पानांचे रंग वर्णन करते! थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आले की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या मुलांसाठीच्या कथेशी ती फारच जुळते आहे. पुढे उलगडले ते असे की १८८८ च्या उन्हाळ्यात, भाषा शिकून वर्षच उलटले असताना, ती कथा कुणीतरी हेलनच्या हातावर वाचून दाखवली होती. हेलनला त्याचे काहीच स्मरण नव्हते.

चौकशी मंडळाची मते चार विरुद्ध चार अशी पडली. अनाग्नोसनी आपले निर्णायक मत हेलनच्या बाजूने टाकले, पण पुढे त्यांचेही मन फिरले. स्वतः कॅन्बीबाईंनी मात्र मुलीला दिलासा देणारे पत्र लिहिले. मार्क ट्वेनने १९०३ मध्ये हे प्रकरण वाचून केलरला जे पत्र पाठवले त्यात त्या परीक्षकांवर चांगलाच राग काढला आहे. त्याचे म्हणणे असे की सगळ्यांच्याच कल्पना उसन्या असतात. त्याने स्वतः एक अर्पणपत्रिका नकळत दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलली होती.

मुलीवर या साऱ्याचा काय परिणाम झाला हे तिने 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' (१९०३) मध्ये नोंदवले आहे. त्यानंतर बराच काळ, अगदी आईला पत्र लिहितानासुद्धा, मध्येच तिला धसका बसे की हे वाक्य आपले नसेल. मग ती तेच वाक्य पुनःपुन्हा तपासत राही. ज्या मुलीला भाषा मिळाल्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती, तिला त्या भाषेचीच भीती बसली. आकलनाविषयीचा सिद्धांत चुकतो तेव्हा तो केवळ ग्रंथात चुकत नाही. त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते.

उचलेगिरीच्या आरोपाखाली दुसराही एक संशय होता, आणि तो केलरचा पिच्छा आयुष्यभर सोडणार नव्हता: ही मुलगी जे रंग सांगते ते तिचे असूच शकत नाहीत. 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (१९०८) या पुस्तकात तिने त्याला उत्तर दिले. वादळ येण्याच्या कितीतरी आधी हवेला येणारा वास, जमिनीच्या कंपनांवरून ओळखू येणारी पावले, हातांच्या स्पर्शातून कळणारी माणसे, हे सारे तिने तेथे तपशिलाने मांडले. आणि दृष्टी-श्रवणाचे शब्द सोडून द्यायला नकार दिला. ती भाषा सर्वांची आहे आणि म्हणून माझीही, असा त्या नकाराचा अर्थ.

४

१९३२ मध्ये थॉमस कट्सफर्थ या मानसशास्त्रज्ञाने अंध मुलांच्या भाषेवर एक निबंध प्रसिद्ध केला. काही नामे सांगून त्यांचे गुण विचारले असता जन्मांध मुलेही मोठ्या प्रमाणात दिसण्याशी निगडित शब्द देतात, असे त्याला आढळले. अनुभवाचा आधार नसलेली ही पोकळ शब्दबाजी आहे, आणि अंध मुलाला डोळसांची भाषा घोकायला लावल्याने त्याचे स्वतःचे स्पर्शाचे, वासाचे जग त्याच्यापासून हिरावले जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. केलरचे लेखन त्याच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होते. कट्सफर्थ स्वतः अकराव्या वर्षापासून अंध होता, त्यामुळे त्याचे म्हणणे बाहेरून आलेला तुच्छतेचा शेरा म्हणून बाजूला सारता येत नाही. अंध मुलाने डोळसांची नक्कल करून त्यांची शाबासकी मिळवावी अशी अपेक्षा त्या काळच्या शिक्षणात होती, हे त्याचे निदान अचूकच आहे.

पण त्याच्या सिद्धांतात एक गृहीतक दडलेले आहे: दुसऱ्याच्या शब्दावरून कळलेले ज्ञान हे खरे ज्ञानच नव्हे. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने या ठिकाणी निराळी भूमिका घेतली होती. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भरवशाच्या माणसाचे सांगणे हे त्यांच्या लेखी स्वतंत्र प्रमाण आहे. उपमानाचे त्यांचे नेहमीचे उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी चपखल बसते. 'गवय' नावाचा प्राणी गाईसारखा असतो, असे नगरातील माणसाने रानातल्या माणसाकडून ऐकलेले असते. पुढे रानात तसा प्राणी दिसताच तो म्हणतो, हाच गवय. शब्द आधी आला, इंद्रियानुभव नंतर. आणि मधला पूल होता तो ओळखीच्या गाईचा. आपणा सर्वांच्या शब्दसंग्रहाचा केवढा तरी भाग अशा गवयांचा असतो. त्यातले बरेच आपल्याला आयुष्यात कधी भेटतही नाहीत. 'हिमनदी' हा शब्द समजण्यासाठी कोकणातल्या वाचकाला हिमालयात जावे लागत नाही.

५

बार्बरा लँडाऊ आणि लायला ग्लाइटमन यांचे १९८५ चे पुस्तक हा या वादातला महत्त्वाचा टप्पा. केली नावाच्या अंध बालिकेची भाषा त्यांनी बारकाईने अभ्यासली. 'वर पाहा' असे सांगितल्यावर डोळे बांधलेली डोळस मुले मान वर करत. केली हात वर करी. 'हात लाव, पण पाहू नकोस' असे म्हटले तर ती वस्तूला नुसते टेकल्यासारखे करी, आणि 'आता पाहा' म्हटल्यावर बोटांनी सगळीकडून चाचपून बघे. म्हणजे 'पाहणे' हा शब्द तिच्याकडे पोकळ नव्हता. तिने त्याला आपल्या शरीरात जागा दिली होती. रंग वस्तूंना असतो, कल्पनांना नसतो, हेही तिला कळत होते.

मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये. आपले 'पाहणे' कधीच डोळ्यांपुरते नव्हते. आमटीत मीठ पुरेसे आहे का हे आपण चाखून पाहतो, अत्तर हुंगून पाहतो, ताप आहे का ते कपाळाला हात लावून पाहतो. वैद्य नाडी पाहतो. भात शिजला का हे पाहण्यासाठी एक शीत बोटांत दाबले जाते. जाणून घेण्याच्या प्रत्येक खटपटीला आपण 'पाहणे' म्हणतो. केलीने एकटीने जे केले ते आपल्या भाषेने कितीतरी पिढ्यांपूर्वी करून ठेवले आहे. मात्र हीच भाषा अविचाराने केलेल्या नकलेला 'अंधानुकरण' म्हणते आणि विचारी माणसाला 'डोळस', हेही विसरता येत नाही.

मॉलिन्यूच्या कोड्याचे उत्तर आता बऱ्याच अंशी मिळाले आहे, आणि ते भारतात मिळाले. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात, दृष्टी उशिरा मिळालेल्या ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसत्या स्पर्शाने जोड्या लावण्यात ती ९८ टक्के आणि नुसत्या दृष्टीने ९२ टक्के अचूक होती; पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखण्यात केवळ ५८ टक्के, म्हणजे जवळपास अंदाजपंचे. लॉकचे 'नाही' बरोबर निघाले. परंतु काही दिवसांतच ही मुले तेही सराईतपणे करू लागली. इंद्रियांमधला पूल जन्मतः बांधलेला नसतो, पण तो भराभर बांधता येतो.

शब्दांच्या बाबतीत चित्र आणखी वेगळे आहे. मरीना बेडनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की चमकणे, लुकलुकणे, टक लावणे, ओझरते पाहणे अशा इंग्रजी क्रियापदांतील सूक्ष्म फरक जन्मांध प्रौढ जवळजवळ डोळसांसारखेच जाणतात. दुसऱ्या बाजूला, २००४ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात लाथ मारणे, उचलणे, चाटणे अशा अर्थांचे शब्द नुसते वाचतानाही मेंदूतील पाय, हात आणि तोंड यांच्या हालचालींशी संबंधित भाग उद्दीपित होत असल्याचे आढळले होते. अर्थ कळण्यासाठी ते उद्दीपन आवश्यक असते की ते अर्थासोबत येते, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. आम्हाला या दोन्ही निष्कर्षांत विरोध दिसत नाही. भाषेला शरीर लागते. पण ते शरीर अमुकच इंद्रियांचे असावे अशी तिची अट नसते, आणि एका शरीराला जे ठाऊक नाही ते दुसऱ्या शरीराकडून शब्दांतून मिळते. भाषा असण्याचे एक मोठे प्रयोजन बहुधा हेच.

अलीकडच्या काही वर्षांत हा जुना प्रश्न यंत्रांविषयी विचारला जातो. निव्वळ मजकुरावर शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाला 'लाल' शब्द कळतो का? या चर्चेत पुष्कळदा अंध माणसाचे उदाहरण सहज पुढे केले जाते: त्यालाही रंग दिसत नाही, तरी तो बोलतोच ना. ही तुलना आम्हाला अन्यायाची वाटते. यंत्राचे आकलन काय प्रतीचे आहे हा प्रश्न मोकळाच राहू द्यावा. पण हेलनच्या हातावर गार पाणी पडले होते. तिला भूक लागे, राग येई, पायांखालची जमीन थरथरलेली कळे. तिच्याजवळ एक आख्खे शरीर होते. त्यातली दोन दारे बंद होती, एवढेच. तिला नुसत्या शब्दांवर जगणारे उदाहरण बनवणे म्हणजे १८९२ ची ती खोली पुन्हा उघडण्यासारखे आहे.

आपल्या ओळखीतील अंध मित्र 'काल सिनेमा पाहिला' असे सहज म्हणून जातात. ऐकणारा डोळस क्षणभर अडखळतो. कधी तो शब्द दुरुस्त करावा की काय, असेही त्याच्या मनात येते. तो अडखळणारा क्षण लॉकच्या काळापासून चालत आला आहे. बोलणारा मात्र अडखळलेला नसतो. त्याने सिनेमा पाहिलेला असतो, आणि तो कसा होता हे आपल्याला सांगायला तो उत्सुक असतो.